गाडी कधी सेल्फ घेते, कधी नुसती ‘टक्’ करते : बॅटरी बदलण्याआधी काय तपासावं

सकाळी अंगणात गाडी एका चावीत सुरू होते. दीड तास बिनतक्रार चालते. वाटेत चहाला थांबून परत बसलो आणि चावी फिरवली की बोनेटखालून एकच ‘टक्’. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) फिरत नाही. चार-पाच वेळा चावी मागेपुढे केली की मध्येच कधीतरी घेतो. आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर एकदाही असं करत नाही.

हे दुखणं मी सात महिने काढलं. गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक, २०१२ ची, हाताने गिअर टाकायची, तेव्हा ८६ हजार किलोमीटर झालेली. या सात महिन्यांत नवी बॅटरी आली, सेल्फ दोनदा उतरवला, रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) बदलला, चावीचा स्विच बदलला. बिघाड निघाला दीड वीत लांबीच्या एका पट्टीत. ती सापडायला शेवटी दहा मिनिटं लागली, तीही साध्या मल्टिमीटरने. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी अशी ‘कधी होते, कधी नाही’ गाडी पूर्ण बंद पडलेल्या गाडीपेक्षा वाईट. बंद गाडीवर कुणी भरवसा ठेवून घराबाहेर पडत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही चिपळूणला राहतो. आईला दर महिन्याला तपासणीसाठी कऱ्हाडला न्यावं लागतं. कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगरला थोडं थांबायचं, पाटणवरून पुढे. जानेवारी २०२४ मध्ये कोयनानगरला पहिल्यांदा गाडी अडली. चहा होईपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. चावी फिरवली, टक्. पुन्हा, टक्. शेजारी उभ्या असलेल्या जीपवाल्याने बघितलं आणि स्वतःहून जंपर केबल काढली. “काकी, तुम्ही आत बसून राहा, दोन मिनिटांत होईल,” असं आईला सांगून त्याने लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला लावले, काळा एक त्याच्या मायनसला आणि दुसरा आमच्या इंजिनच्या लोखंडाला. चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. तिथे जमलेल्या सगळ्यांचा निष्कर्ष एकच, बॅटरी गेली. माझाही तोच. बॅटरी अडीच वर्षांची होती, त्यामुळे शंकाही आली नाही. कऱ्हाडला नवी घेतली.

खरं उत्तर त्या काळ्या चिमट्यात होतं. ते मला सात महिन्यांनी कळलं. त्याकडे येतोच.

आधी बिघाडाला नाव द्या

“गाडी सुरू होत नाही” एवढ्यावर कुठलाच मिस्त्री नीट काम करू शकत नाही. पहिला प्रश्न एकच : सेल्फ फिरतो का? सेल्फ फिरतोय, ‘घुर्र घुर्र’ आवाज येतोय, पण इंजिन पकडत नाही, ही एक वाट. सेल्फच फिरत नाही, ही दुसरी. पहिल्या वाटेवर पेट्रोल, स्पार्क आणि सेन्सर बघायचे. दुसऱ्या वाटेवर बॅटरी, केबल, रिले आणि सेल्फ. या दोन वाटांची सरमिसळ झाली की माणूस सेल्फच्या बिघाडासाठी प्लग बदलत बसतो.

सेल्फ फिरत नसेल तर कान आणि डोळे दोन्ही लावा. रात्री किंवा सावलीत हेडलाइट चालू ठेवून चावी फिरवा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा.

उजेड एकदम मरतो आणि ‘कट-कट-कट-कट’ असा भरभर आवाज येतो : बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोठा करंट सुरू होताच व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतो, पुन्हा ओढला जातो. तो कट-कट आवाज या झटापटीचा असतो.

उजेड खूप मंद होतो आणि आवाज एकच, जाड : सेल्फ करंट खातोय पण फिरू शकत नाही. सेल्फचे बुश झिजून आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासत असेल, किंवा इंजिनच जाम असेल.

उजेड जवळजवळ तसाच राहतो आणि एकच ‘टक्’ : बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. मग अडथळा जाड केबलमध्ये, अर्थिंगमध्ये (इंजिनातून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी), सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या संपर्कात किंवा सेल्फच्या कार्बनमध्ये (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे). माझी गाडी इथे मोडत होती. कोयनानगरला भर दुपारी हेडलाइट कुणीच बघितला नाही, नाहीतर बॅटरीचा खर्च तिथेच वाचला असता.

उजेड तसाच आणि आवाज काहीच नाही : सेल्फला हुकूमच मिळत नाही. चावीचा स्विच, रिले, फ्यूज, क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते सांगणारा स्विच.

बॅटरी : दोन मिनिटांचं काम

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी लावण्याआधी मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा, मग पुढचं बोला. गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर हा आकडा फसवा असतो, कारण चार्जिंगचा फुगवटा प्लेटांवर राहिलेला असतो. दहा मिनिटं हेडलाइट चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

पण नुसत्या उभ्या बॅटरीचा व्होल्टेज अर्धीच गोष्ट सांगतो. सेल्फ फिरत असताना दुसऱ्या माणसाने मीटर धरावा. आपल्याकडच्या हवेत चांगली बॅटरी दहा व्होल्टच्या वर टिकते. ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरीचा दम गेलाय, किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतोय. आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवेत.

हा शेवटचा आकडा माझ्या बाबतीत १३.३ येत होता. मी ऑल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) तपासून घेतला. इलेक्ट्रिशियनने मीटरचं एक टोक ऑल्टरनेटरच्या मागच्या खिळीला आणि दुसरं त्याच्याच अंगाला लावलं : १४.४. “अल्टरनेटर एक नंबर आहे,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मधले १.१ व्होल्ट जातात कुठे, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. जुनी बॅटरी अडीच वर्षांत का बसली याचं उत्तर त्याच प्रश्नात होतं. ती कधी पूर्ण भरतच नव्हती.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. पाना प्लसवर असताना चुकून बॉडीला टेकला तर केवढी ठिणगी उडते ते एकदा बघितलेला माणूस हा क्रम विसरत नाही. आणि गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ऑल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत कुणी वापरत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. आताच्या गाड्यांत तो व्होल्टेजचा उसळा ईसीएमला (इंजिनच्या संगणकाला) आणि ऑल्टरनेटरच्या डायोडांना मारू शकतो.

बीपवर विश्वास ठेवू नका

आता मूळ मुद्दा. सेल्फ फिरताना छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर ते दोनशे अँपिअर करंट जातो. गाडीतल्या दुसऱ्या कशालाच एवढा लागत नाही. त्यामुळे जी जोडणी हेडलाइट, हॉर्न, पंखा सगळं बिनबोभाट चालवते, तीच सेल्फच्या वेळी गुडघे टेकते. ओमचा नियम लावा : १५० अँपिअरच्या वाटेत ०.०४ ओमचा अडथळा आला तर सहा व्होल्ट तिथेच संपतात. बॅटरीचा निम्मा जोर गेला.

आणि ०.०४ ओम साध्या मल्टिमीटरवर दिसतच नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. माझ्या गाडीची अर्थिंग तीन वेळा ‘तपासली’ गेली, तिन्ही वेळा मीटरने बीप दिला (वायर अखंड असली की मीटर वाजतो तो आवाज), तिन्ही वेळा “अर्थिंग ओके” असं ठरलं. पन्नास तारांच्या जाळीतल्या दोन-तीन तारा शाबूत असल्या तरी बीप वाजतो. बीपसाठी लागणारा करंट अगदी नगण्य. ती तार दीडशे अँपिअर पेलेल का, हे बीप सांगूच शकत नाही.

म्हणून अडथळा ओममध्ये शोधू नका. करंट वाहत असताना व्होल्टमध्ये शोधा. वायरच्या एका टोकाला मीटरचा एक प्रोब (टेकवायची सुई) आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि त्याच वेळी कुणीतरी चावी फिरवायची. वायर चांगली असेल तर दोन्ही टोकांत फरक जवळजवळ शून्य. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या वायरीने खाल्ले.

मापं चार घ्यायची आणि चारही सेल्फ मारत असताना :

१. बॅटरीच्या प्लस आणि मायनसमध्ये.
२. बॅटरीचा प्लस आणि सेल्फचा जाड नट. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं.
३. बॅटरीचा मायनस आणि सेल्फचं किंवा इंजिनचं उघडं लोखंड. इथे ०.२, फार तर ०.३.
४. सेल्फचा जाड नट आणि सेल्फचं अंग. सेल्फला खरोखर किती मिळतं ते इथे कळतं.

प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येही कधीकधी एक व्होल्ट हरवतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, ओढणी-मफलर-सैल बाह्या लांब. गाडी सुरू न होता सेल्फ फिरवायचा असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि मधे मिनिटभर थांबा, नाहीतर तपासणीतच सेल्फ तापून जळेल.

मीटर गाडीतच बांधला

अडचण ही की हे सगळं बिघाड होत असताना मोजायला हवं, आणि बिघाड गॅरेजमध्ये होत नाही. गाडी चांगली असताना घेतलेलं माप चांगलंच येणार. मिस्त्रीची यात चूक नाही. त्याच्यासमोर आजार आलाच नव्हता.

जुलै अखेरीस मी दोन लांब वायरी घेतल्या. एक इंजिनवरच्या एका मोकळ्या बोल्टखाली दाबली, दुसरी बॅटरीच्या मायनस खुंटीला. बोनेटच्या फटीतून, खिडकीच्या रबराखालून आत आणल्या आणि मल्टिमीटरला जोडल्या. दोन्ही बाजू मायनसच्याच, त्यामुळे शॉर्ट होण्याची भीती नाही. प्लसची वायर अशी आत आणायची झाली तर बॅटरीजवळच एक अँपिअरचा फ्यूज लावल्याशिवाय आणू नका. मीटर ग्लोव्हबॉक्सच्या कडीला सुतळीने बांधला. आठ दिवस तसाच फिरलो. रोज सेल्फ मारताना आकडा ०.९, १.२, ०.८. खरं तर हाच आकडा वाजवीपेक्षा तिप्पट-चौपट होता, पण गाडी सुरू होत होती.

मग कऱ्हाडची फेरी आली. परतताना पाटणला थांबलो. पाऊस भुरभुरत होता. आई पुढच्या सीटवर, मीटर तिच्या गुडघ्याशी. चावी फिरवली. टक्.

“आई, आकडा?”

“पाच पॉइंट सात,” ती म्हणाली. मग मीटर हातात घेऊन पुन्हा वाचला. “हो, पाच सात.”

मी इंजिन तसंच ठेवलं, बोनेट उघडलं आणि बाकीची तीन मापं घेतली. चावी आईने फिरवली. बॅटरीवर ११.४. प्लसच्या केबलमध्ये ०.३. सेल्फवर फक्त ५.४. बेरीज करून बघा : ५.७, ०.३ आणि ५.४ मिळून ११.४. एकही व्होल्ट हिशेबाबाहेर नाही. बॅटरी निर्दोष, प्लस केबल निर्दोष, सेल्फ निर्दोष. निम्मे व्होल्ट इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमध्ये गडप.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट हाताला लागली, अक्षरशः. क्लचच्या केबलचं धातूचं टोक गिअरबॉक्सजवळ चटका बसेल इतकं तापलं होतं. सेल्फचा करंट परत बॅटरीकडे जायला वाट शोधतो. नेहमीची वाट अडली की तो मिळेल त्या लोखंडातून जातो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी क्लचची केबल त्याला सापडली होती. तुमच्या गाडीत सेल्फ मारल्यावर क्लच, गिअर किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल तर बाकी काही तपासायच्या आधी इंजिनची अर्थिंग बघा.

जाग्यावरच खात्री करता येते. जंपर केबलचा एकच धागा घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. दुसरी गाडी लागत नाही. मी तेच केलं आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

कोयनानगरच्या जीपवाल्याने काळा चिमटा इंजिनला लावला होता. पद्धत म्हणून ते बरोबरच, बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी नको म्हणून शेवटचा चिमटा तिथेच लावतात. पण त्या चिमट्याने नकळत आमच्या इंजिनला नवी अर्थिंग दिली होती. तोच चिमटा बॅटरीच्या मायनसवर लावला असता तर जीपच्या बॅटरीनेही गाडी सुरू झाली नसती. “जंपरने सुरू झाली म्हणजे बॅटरी गेली” हे आपण सगळे म्हणतो. हे वाक्य मी आता वापरत नाही.

पट्टी

माझ्या गाडीत बॅटरीच्या मायनसची केबल बॉडीला जाते, आणि गिअरबॉक्सवरून बॉडीला वेगळी जाळीची पट्टी. दुसऱ्या दिवशी ती खोलली. १२ नंबरच्या पान्याने बोल्ट निघाला. वरून पट्टी ठीक दिसत होती, थिंबलही (टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) जागेवर घट्ट. पण थिंबल धरून पट्टी जराशी वाकवली तर आतून हिरवी भुकटी गळाली. कागदावर झटकली तर चिमूटभर निघाली. थिंबलमध्ये दाबलेल्या तारा कुजून तुटल्या होत्या, बाहेरच्या काही तेवढ्या धरून होत्या.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणभर पसरलं तेव्हा ही गाडी अंगणात अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. आत पाणी गेलं नाही म्हणून आम्ही सुटलो असं समजलो. सीट कोरड्या, इंजिन ऑइल स्वच्छ, गाडी सुरू. गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाची पट्टी मात्र गाळाच्या पाण्यात दिवसभर होती, आणि दाबलेल्या थिंबलमध्ये शिरलेलं पाणी कशानेही वाळत नाही. पुढची अडीच वर्षं ते आतून खात राहिलं. पुरात अर्धं चाक बुडेपर्यंत उभी राहिलेली कुठलीही गाडी असेल, आता ठीक चालत असली तरी तिच्या अर्थिंगच्या पट्ट्या एकदा खोलून बघा. कोकणच नव्हे, सांगली-कोल्हापूरकडच्या पुरातल्या गाड्यांनाही हेच लागू.

मग ‘कधी होतं, कधी नाही’ ते का? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. बंद होताना ते हलतं आणि दर वेळी केसभर वेगळ्या जागी स्थिरावतं. त्याबरोबर पट्टी वाकते, तुटक्या तारा कधी एकमेकींना टेकतात, कधी नाही. गरम असताना सेल्फमधल्या तांब्याचा रोधही थोडा वाढतो. चावी चार-पाच वेळा फिरवल्यावर गाडी घ्यायची, कारण प्रत्येक ‘टक्’ला इंजिनला बारीक हिसका बसत होता. त्या अडथळ्यात खर्च होणारी ताकद काढा : ५.७ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर म्हणजे साडेआठशे वॉट. कपड्यांच्या इस्त्रीइतकी उष्णता त्या कुजक्या तारांत आणि क्लचच्या केबलमध्ये जिरत होती.

नवी पट्टी म्हणून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली, दोन्ही टोकांना कलई केलेली थिंबलं यंत्राने दाबून घेतली आणि वर आकसणारी रबरी नळी बसवली. बॉडीवरच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने घासून चकाकी आणली. गिअरबॉक्सवरचीही जागा तशीच. बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस, आतून नाही. खर्च अडीचशे रुपये. सेल्फ मारताना इंजिन आणि मायनसमधला आकडा ०.११ वर आला. आणि बॅटरीवरचं चार्जिंग १३.३ वरून १४.२ झालं, ऑल्टरनेटरला हात न लावता.

तुमची वाट दुसरी असेल तर

चावी फिरवल्यावर आवाजच नसेल तर सेल्फच्या बारीक वायरला टेस्टलॅम्प लावा. चावी फिरवताना दिवा पेटला आणि तरी सोलेनॉइड वाजला नाही तर दोष सेल्फमध्ये. दिवा पेटलाच नाही तर मागे मागे जा. रिलेबॉक्समध्ये हॉर्नचा रिले बहुतेक वेळा त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघायला पैसे लागत नाहीत. बॉक्सचं झाकण काढलं की मुंग्यांचं वारूळ आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही बघा, विशेषतः गाडी माडाखाली किंवा भाताच्या कोठाराजवळ उभी असेल तर. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाडीत पेडलखालचं प्लास्टिकचं बूच झिजून पडलेलं असू शकतं. मॅट सरकून पेडल पूर्ण खाली जात नसेल तरी तेच लक्षण.

आवाज एकच ‘टक्’, पण चारही मापं बरोबर, सेल्फवर पूर्ण व्होल्टेज आणि तरी फिरत नाही, तर मात्र सेल्फ उतरवा. कार्बन झिजून आखूड झाले असतील किंवा ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडला असेल. सेल्फवर लाकडाने हलकं ठोकल्यावर फिरला तर कार्बनच, आणि ती सोय फार दिवस पुरत नाही. पाना आडवा लावून सेल्फच्या दोन खिळ्या जोडायचा खेळ मात्र करू नका. गिअरमध्ये राहिलेली गाडी समोरच्या माणसाला चिरडते.

सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि तेही फक्त गरम असताना : पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा). तापल्यावर त्याच्या आतली बारीक तार सुटते, अर्ध्या तासात थंड झाली की जुळते. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा बघा. थोडासाही हलत नसेल तर सेन्सर इंजिन फिरतंय हे सांगतच नाहीये, अशी दाट शक्यता. अडलेल्या जागीच सेन्सरवर ओला फडका धरून तो थंड केला आणि गाडी लगेच सुरू झाली तर शंका उरत नाही. मात्र एक ध्यानात ठेवा : बॅटरी ढेपाळून सेल्फ मंद फिरत असेल तरीही सेन्सरचा संकेत क्षीण येतो, म्हणून आधी वरची मापं.

पेट्रोलची बाजू कानाने तपासता येते. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं आवाज येतो, तो पंपाचा. बिघाडाच्या वेळी तो आला नाही तर पंपाचा रिले, फ्यूज, मग पंप. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी पकडत असेल तर पेट्रोलचा दाब उभ्या गाडीत टिकत नाहीये. सीएनजीवाल्यांनी टाकीत पेट्रोल कायम बेताचं तरी ताजं ठेवावं. बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि सहा-सहा महिने तेच चार लिटर पेट्रोल पडून राहिलं की सकाळचा त्रास सुरू होतो.

डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत असेल तर इंजिनपर्यंत जाऊच नका. इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखली नाही. दुसरी चावी लावून बघा. जुडग्यातल्या दुसऱ्या गाडीच्या चावीमुळेही घोटाळा होतो, म्हणून एकटी चावी लावा.

दोन-तीन दिवस उभी ठेवल्यावरच त्रास होत असेल तर गाडी बंद असताना कुणीतरी करंट पितंय. सगळं बंद करून, कुलूप लावून अर्धा तास थांबा आणि मायनसच्या मार्गात मीटर अँपिअरवर लावा. ५० मिलीअँपिअरच्या आत असावं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम आणि कॅमेरा हे आधी तपासा.

गॅरेजला जाताना तोंडी न सांगता लिहून न्या : तारीख, गाडी गरम की थंड, किती वेळ उभी होती, पाऊस होता का, आवाज कसा, हेडलाइटचा उजेड मरतो का, आरपीएमचा काटा हलतो का, शेवटी कशाने सुरू झाली. माझ्या वहीत अशा एकोणीस नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या सोळा वेळा गाडी गरम होती आणि एकदाही उजेड मेला नव्हता. नवा इलेक्ट्रिशियन ती वही वाचूनच म्हणाला असता, इंजिनची अर्थिंग आधी बघू.

दोन वायरी अजून बोनेटखाली गुंडाळून ठेवल्यात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा मीटर लावतो. गेल्या वेळी ०.१२ आला. ०.३ ओलांडला की पट्टी पुन्हा खोलणार.